अकरा टाके

बारकीने सुईत दोरा ओवायला घेतला आणि तिसऱ्यांदाही तो नेढ्याच्या बाहेरच गेला. तिने दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, खिडकीकडे तोंड वळवलं, एक डोळा मिटला. चौथ्यांदाही तेच. तेरा वर्षं पुस्तकं शिवणारी बाई. एरवी गप्पा मारता मारता, न बघता ओवायची. पण आज बोटं तिचं ऐकायला तयार नव्हती, आणि त्याला कारणही तसंच होतं.

शुक्रवारी पिक्चर लागला होता. मधे रविवार गेला होता. पुस्तकबांधणी करणाऱ्या बाईवरचा पिक्चर, तो बांधणीच्या कारखान्यातल्या माणसांनी नाही बघायचा तर कुणी बघायचा? सगळी जणं काल जाऊन आली असणार. आणि त्या पिक्चरमध्ये नटीच्या जागी ज्या हातांनी पुस्तक शिवलं होतं ते हात बारकीचे होते. हे साऱ्या गावात तिला आणि तिच्या नवऱ्याला, दोघांनाच माहीत होतं.

"पाहिला गं बाई, पाहिला!"

आवाज दारातूनच आला. कटरमामा. ते कुणाचेच मामा नव्हते, पण कागद कापायचं मोठं मशीन चालवायचे आणि सगळ्यांशी मामासारखं चढ्या आवाजात बोलायचे, म्हणून कटरमामा.

"कसा आहे?" बारकीने मान वर न करता विचारलं. आवाज तिच्या मनापेक्षा वरच्या पट्टीत निघाला.

"आत्ता नाही. खळ लागू दे. मग बोलतो. असं बोलतो की ऐकत राहशील."

ही कारखान्याची रीत होती. शिवताना, कापताना, घड्या घालताना तोंड उघडायचं नाही. पण सकाळी शिवलेल्या पुस्तकांच्या पाठीला खळ लावून ती दाबाखाली ठेवली, की खळ वाळेपर्यंत चाळीस मिनिटं सगळ्यांचे हात मोकळे. तेवढ्यात चहा व्हायचा, आणि चहाबरोबर पिक्चरच्या गप्पा. कोणी थिएटरात पाहिलेला, कोणी घरी जेवता जेवता पाहिलेला, पण प्रत्येकाने आपापलं मत सांगायचं. एकाचं झाल्याशिवाय दुसऱ्याने सुरू करायचं नाही. आणि मास्तरांनी "खळ वाळली, उठा" म्हटलं की वाक्य अर्धवट टाकून उठायचं.

मास्तर म्हणजे कारखान्याचे मुख्य कारागीर. सत्तरीला टेकलेले, काठीसारखे सरळ. तीस वर्षांत त्यांनी एक पिक्चर पाहिला नव्हता, आणि तसं ते अभिमानाने सांगायचे. बारकी इथे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, हडकुळी. पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले होते, "ही बारकी काय दोरा ओढणार?" तेव्हापासून ती बारकी. आता बत्तिसाची झाली, अंगाने चांगली भरली, एका मुलीची आई झाली, पण नाव बारकी ते बारकीच. दोरा कसा ओढायचा ते मास्तरांनीच शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, बिघडलं की उसवायला लावलं. एकदा एका दिवसात एकच पुस्तक त्यांनी तिला सहा वेळा उसवायला लावलं होतं. आणि जमलं तेव्हा काय म्हणाले? काहीच नाही. पुढचं पुस्तक समोर सरकवलं. मास्तरांनी कुणाला "छान" म्हटलेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

ती पिक्चरवाली मंडळी आठ महिन्यांपूर्वी आधी इथेच आली होती. काळे चष्मे, गळ्यात पट्टे, हातात कागद. त्यांना शिवणारे खरे हात हवे होते. मास्तरांनी त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

"इथे काम चालतं," ते म्हणाले. "नाटक करायचं तर नाटकगृहात जा."

मंडळी गेल्यावर ते वळले आणि कुणा एकाकडे न बघता सगळ्यांना म्हणाले, "काम दाखवायला नसतं. दाखवायला लागलं की हात खोटा पडतो. माझ्या हाताखालचं कुणी असल्या भानगडीत गेलं, तर त्याने पुन्हा या टेबलाला हात लावायचा नाही. सांगून ठेवतो."

त्याच संध्याकाळी बसच्या थांब्यावर त्यांच्यातली एक मुलगी बारकीजवळ आली. "ताई, तुम्ही कराल का?" म्हणाली. आणि बारकीच्या तोंडून "हो" निघून गेलं. विचार नंतर केला, आणि तोही रात्रभर. मग तिने दात दुखतोय म्हणून दोन दिवस रजा घेतली. परत आली तेव्हा खरं वाटावं म्हणून दिवसभर गालात कापूस धरून बसली. मास्तरांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि काही विचारलं नाही, त्याचीच तिला जास्त धास्ती वाटली.

त्या दोन दिवसांत तिने एकच पुस्तक शिवलं होतं. अकरा टाके. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, चाळीस वेळा, तेच अकरा. नटीची अंगठी तिच्या बोटात जाईना तर साबण लावून घातली. काढताना मात्र बोट सुजलं होतं. पण कॅमेरा हातावर आला की तिला काही सुचत नव्हतं, फक्त दोरा दिसत होता. पिक्चर लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं तिच्याकडून लिहून घेतलं होतं. आता लागला होता. आता ती सांगू शकत होती. फक्त मास्तर होते.

खरं सांगायचं तर तिला काय हवं होतं ते तिचं तिलाच कळत नव्हतं. मास्तरांना हे कधीच कळू नये, असं तिला वाटत होतं. कारण हे टेबल सुटलं तर तिने जायचं कुठे? दुसरं काही येतच नव्हतं तिला, आणि यायला नकोही होतं. पण आपले हात भिंतीएवढे मोठे झालेले जगातल्या एका तरी माणसाने, ज्याला त्यातलं कळतं अशा माणसाने बघावेत, असंही वाटत होतं. आणि तसं माणूस एकच होतं.

सहाव्या खेपेला दोरा ओवला गेला.

*

खळ लागली, पुस्तकं दाबाखाली गेली, चहा आला. टेबलाभोवती सगळी बसली. मास्तर नेहमीप्रमाणे खिडकीच्या कडेला, कप बशीवर, डोळे बाहेर.

"तर," कटरमामांनी सुरुवात केली, "पिक्चर चांगला. पण लांब. अर्धा तास सरळ कापून काढायला हवा होता. ते स्टेशनावर दोघं रडतात ना, ते काढा. मग घरी येऊन ती पुन्हा रडते, तेही काढा. काठ कसे सरळ झाले असते!"

"तुम्हाला काय, सगळंच कापायचं असतं," घडीमावशी म्हणाली. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालायचं काम तिचं. "मला रडू आलं बाई त्या स्टेशनावर. म्हणजे येतच होतं. तेवढ्यात तिने पिशवीतून कागद काढला आणि घडी उलटी घातली. उलटी! पान चार आधी आणि पान एक नंतर. माझं रडूच पळालं."

"आणि खळ?" खळकाका कप ठेवून पुढे सरकले. ते खळ शिजवायचे, लावायचे, आणि एरवी दिवसभरात दहा शब्द बोलायचे. आज मात्र त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "ती खळ होती का? अहो, दाढीचं क्रीम होतं ते! पांढरं, फुगलेलं. आणि लावलं न लावलं तोच तिने पुस्तक उघडलं! ओलं पुस्तक! मी ओरडलोच, 'अगं, चिकटेल!' पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघायला लागली."

"मग?"

"मग काय, बायको म्हणाली, पुन्हा तुमच्याबरोबर येणार नाही."

सगळी हसली. बारकीही हसली, पण तिचं सगळं लक्ष पुढे काय येणार तिकडे लागलं होतं.

"पण गोष्ट काय होती?" तिने विचारलं. "शेवटी काय होतं?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"कोणीतरी मरतं," मामा म्हणाले.

"मरत नाही, परगावी जातो," मावशी म्हणाली.

"ते पुस्तक चिकटतं का नाही, हे दाखवलंच नाही," खळकाका म्हणाले.

"अरे, मुख्य राहिलंच की!" मामांनी मांडीवर थाप मारली. "ते शिवायचं. ते मात्र खरं हं. मान गए. मी पुढे सरकून बघायला लागलो. दोरा असा येतो, असा जातो, एक सूत कमी नाही, एक सूत जास्त नाही. त्या एका ठिकाणी मी म्हणालो, यातलं काही कापायचं नाही."

बारकीने चहाचा एक मोठा घोट घेतला.

"नटी चांगली शिकली म्हणायची," ती कशीबशी म्हणाली.

"नटी?" मावशीने हात झटकला. "नटी कसली शिकतेय! चेहरा तिचा, हात दुसऱ्याच कुणाचे. चेहरा दाखवला की हात नाही, हात दाखवले की चेहरा नाही. मी काय आजवर पिक्चर बघितले नाहीत?"

"ते मलाही कळलं," मामा म्हणाले. "पण सांगू का, बाईचे हात नव्हतेच ते. पुरुषाचे होते. वॅक्स-बिक्स करून बसवला असेल एखादा कारागीर. एवढी ओढ बाईच्या हातात?"

"का?" बारकी म्हणाली. "बाईच्या हातात ओढ नसते?"

हे जरा जोरात निघालं. मामांनी तिच्याकडे बघितलं.

"तुला कशाला झोंबलं?"

"झोंबलं नाही. विचारलं."

"बाईचेच हात," मावशीने निकाल दिला. "पुरुष एवढं नीट नाही करत. आणि करंगळी बघितलीत का? टाका ओढताना अशी वर. अशी, चहा पिताना काही बायका धरतात ना, तशी."

तिने आपली करंगळी वर करून दाखवली. बारकीने खाली बघितलं. तिच्या स्वतःच्या कपाच्या कानावर तिची करंगळी अगदी तशीच, ऐटीत उभी होती. तिने ती झटकन मुठीत घेतली. चहाचे चार थेंब टेबलावर सांडले. ती घाईघाईने पुसायला लागली, आणि पुसताना तिला जाणवलं की मास्तरांनी खिडकीबाहेरचे डोळे आत वळवले आहेत.

त्या करंगळीवरून मास्तर तिला तेरा वर्षं बोलत आले होते. "करंगळी काय पाहुणी आली आहे? कामाला लाव तिला." कितीदा, याला गणती नाही. तेवढी एक खोड मात्र गेली नाही.

"एक टाका ढिला होता," मास्तर म्हणाले.

मामांच्या हातातला कप ओठांपाशी थांबला.

"कुठे, मास्तर?" मावशीने विचारलं.

"त्या पिक्चरात."

"तुम्ही पिक्चर बघितलात?"

"हो."

"थिएटरात जाऊन?"

"मग काय छपरावर बसून?" मास्तरांनी कपातला चहा बशीत ओतला. "तुमचं चाललंय कौतुक. मान गए म्हणे. एक टाका ढिला होता. मधला कुठलासा. दोरा ओढला, पण बसवला नाही. आमच्याकडे असता तर उसवायला लावला असता."

बारकीला आधी भीती वाटायला हवी होती. पण वाटला तो राग. असा राग की तिच्या कानशिलांपर्यंत चढला. चाळीस वेळा. सुजलेल्या बोटाने चाळीस वेळा, आणि हे म्हणतात ढिला!

"ढिला?" ती म्हणाली. "कुठला ढिला? शक्यच नाही!"

"मी बघितला."

"तुमच्या बघण्यात काहीतरी चुकलं असेल. अकराच्या अकरा टाके मी बोटाने ताणून बघितले होते. प्रत्येक खेपेला! ते ओरडत होते, बाई, पुढे चला, उशीर होतोय, तरी मी ताणून बघितल्याशिवाय एकदाही..."

आणि मग तिने आपलं बोलणं ऐकलं.

मावशीचं तोंड उघडं राहिलं होतं. खळकाकांनी कप टेबलावर ठेवला तो बशीच्या बाहेर. बारकीला वाटलं, जमीन फाटली तर बरं, पण जमीन काही फाटली नाही. मास्तर तिच्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं, काहीच नव्हतं.

ते उठले. कप उचलून मोरीत ठेवला.

"खळ वाळली," ते म्हणाले. "उठा."

*

त्या दिवशी कारखान्यात काम कमी आणि कुजबूज जास्त झाली. मास्तर पाठमोरे झाले की मावशी बारकीच्या दंडाला चिमटा काढायची. "अगं, तू? आणि मी तुझ्यासमोर बसून तुझीच करंगळी दाखवतेय! सांगायचं तरी!" कटरमामा दर पाच मिनिटांनी मशीन बंद करून तिच्या टेबलापाशी यायचे, तिच्या हातांकडे बघायचे आणि "पुरुषाचे नाहीत, मान्य" म्हणून परत जायचे. खळकाकांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"ते क्रीमच होतं ना?"

"क्रीमच होतं, काका."

"मी म्हटलंच होतं." आणि ते समाधानाने निघून गेले.

बारकीला आनंद होत होता, नाही असं नाही. पण तिचे कान मास्तरांच्या आवाजाकडे लागले होते. मास्तर तिच्याशी बोलले नाहीत. दुपारी नाही, दुपारनंतर नाही. तिच्या टेबलाजवळून दोनदा गेले, शिवलेलं पुस्तक उचललं, पाठ बघितली, परत ठेवलं. उसवायला सांगितलं असतं तरी तिला हायसं वाटलं असतं. आणि साडेचार वाजता त्यांनी खुंटीवरची टोपी काढली आणि कुणाला काही न सांगता निघून गेले. तेरा वर्षांत ते कधी सहाच्या आधी गेले नव्हते.

"मालकाकडे गेले असणार," मामा हळूच म्हणाले. मग बारकीचा चेहरा बघून त्यांना आपली जीभ चावावीशी वाटली. "नाही, म्हणजे... दुसरं काही कामही असेल. दवाखाना वगैरे."

बारकीने सुई डबीत ठेवली. कात्री, मेणाचा तुकडा, घडी दाबायची पट्टी. रोज ती हे सगळं टेबलावरच ठेवून जायची. आज तिने एकेक वस्तू पुसून पिशवीत भरली. मावशीने ते बघितलं आणि मान फिरवली.

*

थिएटरच्या दारात तिचा नवरा पॉपकॉर्नचा पुडा घेऊन उभा होता. रविवारी तो ऐनवेळी खिडकीवर गेला होता आणि हात हलवत परत आला होता, म्हणून आजची, सोमवारची सहाची तिकिटं. मुलीला शेजारी ठेवून आला होता, नवा शर्ट घातला होता, आणि तोंडावरचं हसू त्याला काही केल्या आवरत नव्हतं.

"या, हिरॉईनबाई!"

"मला काढणार आहेत," बारकी म्हणाली, आणि तिथेच, तिकीट फाडणाऱ्या माणसासमोर, तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं.

तिने सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. त्याला या कामातलं काही कळत नव्हतं आणि तसं तो सोंगही आणत नसे.

"बरं, मग परत घरी जायचं का?"

"नाही!" तिने पदराने नाक पुसलं. "मला बघायचंय. एकच बघायचंय. तो टाका ढिला आहे का नाही."

आत शिरेपर्यंत अंधार झाला होता. सोमवारमुळे थिएटर अर्धंअधिक रिकामं. चाचपडत ते मधल्या एका रांगेत बसले. पुढच्या रांगेत दोनच डोकी होती, एक उंच आणि एक बुटकं. पडद्यावर नटी खिडकीत उभी राहून उसासे टाकत होती. बारकी तिच्याकडे बघत नव्हती. नटीच्या खोलीतल्या टेबलाकडे बघत होती. ते टेबल तिला ओळखीचं होतं. त्याचा डावा पाय डुगडुगत होता आणि खाली पुठ्ठा घातला होता.

पाऊण तास गेला. नवरा पॉपकॉर्न खाऊन संपवत होता.

"अहो, तिसऱ्यांदा तेच तेच काय बघायचं?" पुढच्या रांगेतलं बुटकं डोकं म्हणालं. बाईचा आवाज.

"गप. आता येतील. आता हात येतील."

बारकीने नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. तो आवाज तिने तेरा वर्षं पाठीमागून ऐकला होता. तो अंधारातच काय, झोपेतही ओळखला असता तिने. ती खुर्चीत खाली खाली सरकली, इतकी की नवऱ्याला वाटलं काही पडलंय आणि तो वाकून शोधायला लागला.

"वर बसा," ती कुजबुजली. "बघा. समोर बघा."

आणि हात आले.

भिंतीएवढे. तिच्या नखाजवळची जुनी सुईची खूण ताटाएवढी दिसत होती. क्षणभर तिला वाटलं, हे कुणा दुसऱ्याच बाईचे आहेत, आणि चांगले आहेत. मग सुई आत गेली, दोरा निघाला, करंगळी वर झाली, आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. माझे. अगं बाई, माझे! एक. दोन. तीन. ती डोळे फाडून बघत होती. चौथा, पाचवा. दोरा जाऊन बसत होता, घट्ट, कागद जराही न दुमडता. सहा, सात, आठ. ढिला कुठाय? नऊ. ढिला कुठाय हो, मास्तर? दहा. अकरा. गाठ.

एकही नव्हता.

तिने पुढे बघितलं. मास्तरांचा उजवा हात खुर्चीच्या हातावरून वर आलेला होता. बोटं सुई धरल्यासारखी जुळली होती. पडद्यावरची गाठ बसली तसा तोही हात हवेत हलकेच एक झटका देऊन थांबला, आणि मग सावकाश मांडीवर उतरला.

"दिसली?" मास्तर बायकोला म्हणाले.

"दिसली. करंगळी वर करते की."

"करू दे."

पडद्यावर नटी आता स्टेशनावर पोचली होती आणि रडायला सुरुवात केली होती. मास्तर उठले.

"चल."

"अहो, चल काय? पिक्चर राहिलाय की अजून!"

"पिक्चर कसातरीच आहे. रडारड आहे पुढे सगळी. चल."

मास्तरीणबाई कुरकुरत उठल्या. पिशवी शोधली, चप्पल शोधली. मागच्या रांगेत बारकीने श्वास रोखून धरला होता.

"तिला सांगितलंत का?" त्यांनी विचारलं.

"कुणाला?"

"तिलाच. छान झालंय म्हणून."

"वेड लागलंय का? डोक्यावर बसेल."

"मग मी सांगते. उद्या येते कारखान्यात, डबा द्यायच्या निमित्ताने."

मास्तर रांगेच्या टोकाला पोचले होते. तिथे ते थांबले. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

"ये," ते म्हणाले. "पण अकरानंतर ये. मी तेव्हा मालकाकडे जातो. माझ्यादेखत नको."

दार उघडलं, उजेडाची एक पट्टी खुर्च्यांवरून सरकली, आणि दार मिटलं.

"कोण होतं गं?" नवऱ्याने विचारलं. "आणि तू रडतेस काय? ढिला होता का टाका?"

"नव्हता."

"मग?"

"गप्प बसा हो तुम्ही," बारकी म्हणाली. "पिक्चर बघू द्या." तसं म्हणाली खरी, पण पुढचा तासभर पडद्यावर कोण आलं आणि कोण गेलं, यातलं तिला काही दिसलं नाही.